ज्वारीची भाकरी, पिठले आणि ठेचा: रात्रीच्या स्वयंपाकाचा क्रम आणि नेमक्या चुकणाऱ्या जागा

भाकरी थापता येत नाही अशी तक्रार करणाऱ्यांपैकी बहुतेकांची चूक थापण्यात नसतेच. पीठ जुने असते, पाणी पुरेसे उकळलेले नसते किंवा मळलेला उंडा वाट पाहत कोरडा पडलेला असतो. भाकरी तव्यावर फाटली की दोष मात्र हाताला दिला जातो आणि दुसऱ्या दिवशी मुकाट्याने पोळ्या लाटल्या जातात. म्हणून या लेखात थापण्याइतकीच जागा त्याआधीच्या तयारीला दिली आहे. भाकरीसोबत पिठले आणि ठेचाही घेतला आहे, कारण हे तिन्ही पदार्थ एकाच संध्याकाळी, एका कढईत आणि एका तव्यावर करायचे असतील, तर कशानंतर काय करायचे हे आधी ठरवावे लागते.

येथील मापे चार माणसांच्या जेवणाची, म्हणजे मध्यम आकाराच्या आठ भाकरींची आहेत. वाटी म्हणजे साधारण १५० मिलिलिटरची आमटीची वाटी धरली आहे आणि अशा सपाट वाटीत सुमारे ९० ग्रॅम ज्वारीचे पीठ मावते.

१. पीठ: दळणापासून तपासणीपर्यंत

गव्हाच्या पिठात पाणी घालून मळले की ग्लूटेनची जाळी तयार होते आणि ती कणीक धरून ठेवते. ज्वारीत ग्लूटेन नाही. ज्वारीचे पीठ एकत्र राहते ते त्यातल्या स्टार्चच्या चिकटपणामुळे. या चिकटपणालाच आपल्याकडे विरी म्हणतात, खेड्यात इरी म्हणतात, आणि पीठ जुने होत जाते तशी ती कमी होते. विरी गेलेल्या पिठाची भाकरी सुगरणीच्या हातालाही दाद देत नाही.

शक्य असेल तर रब्बीची ज्वारी, म्हणजे शाळू घ्यावी. मालदांडी, जालन्याकडची दगडी किंवा परभणीच्या कृषी विद्यापीठाची परभणी मोती यांपैकी जी मिळेल ती चालते. खरिपाच्या संकरित ज्वारीच्या कणसावर दाणे भरताना पाऊस पडला, तर दाणा काळा पडतो. त्याचे पीठ करडे दिसते आणि भाकरीला कडवट चव येते. दाणे हातात घेऊन पाहावेत. पांढऱ्या, टपोऱ्या दाण्यांत काळ्या ठिपक्यांचे दाणे फार दिसले, तर स्वस्त मिळते म्हणून तो माल घेऊ नये.

गिरणीत तीन गोष्टी स्पष्ट सांगाव्यात. दळण बारीक हवे, कारण रवाळ पीठ भिजायला वेळ घेते आणि कडेने फुटते. दुसरे म्हणजे आपले दळण कशावर टाकले जाते आहे ते विचारावे. आधी हरभऱ्याची डाळ दळली असेल, तर जात्यात उरलेले बेसन आपल्या पहिल्या शेर-दोन शेरांत उतरते आणि भाकरी तव्याला धरते. ज्वारीवर ज्वारी टाकायला सांगावे आणि त्यासाठी दहा मिनिटे थांबावे लागले तर थांबावे. तिसरे, आठ-दहा दिवस पुरेल एवढेच दळावे. थंडीत पंधरा दिवस चालते, एप्रिल-मे महिन्यांत आठवडाच धरावा. बाजरीचे पीठ याहूनही लवकर कडू होते.

गिरणीतून आलेले पीठ गरम असते. ते तसेच डब्यात भरून झाकण लावल्यास आतल्या वाफेने पिठाला ओल येते आणि गुठळ्या धरतात. परातीत किंवा स्वच्छ कपड्यावर पसरून पूर्ण निवल्यावरच डब्यात भरावे.

तपासणी: मूठभर पिठात चार चमचे कडकडीत गरम पाणी घालून चमच्याने कालवावे आणि हाताला सोसेल तेव्हा त्याची लिंबाएवढी गोळी वळून अंगठ्याने दाबावी. कडा सलग राहिल्या तर पीठ चांगले आहे. कडेला केसासारख्या बारीक चिरा पडल्या तर रगडण्याचे काम वाढेल, पण भाकरी होईल. गोळी दाबताच तुकडे पडले तर त्या पिठाची भाकरी आज करू नये. ते पीठ थालीपिठाला किंवा धपाट्याला वापरावे, कारण तिथे सोबतचे बेसन आणि गव्हाचे पीठ त्याला सांभाळून घेते.

ही तपासणी मी एकदा टाळली होती. वेळ अमावास्येच्या, म्हणजे मार्गशीर्ष अमावास्येला शेतात साजऱ्या होणाऱ्या सणाच्या, आदल्या रात्री गिरणीवर रांग होती, म्हणून दिवाळीपूर्वी दळलेले पीठ काढले आणि शेतावर जाण्यासाठी मुक्कामाला आलेल्या अकरा पाहुण्यांसमोर एकामागून एक फाटक्या भाकरी वाढल्या. पाचव्या भाकरीला आत्याने परात स्वतःकडे ओढली, चिमूटभर पीठ जिभेवर ठेवले आणि एवढेच म्हणाली, "माय, तुझा हात चांगला हाय, पिठाची इरी गेलीया."

२. क्रम आणि मांडणी

क्रम असा ठेवावा: आधी ठेचा, त्याच कढईत पिठले, पिठले शिजत असतानाच आधण, आणि सर्वांत शेवटी भाकरी. भाकरी आधी करून ठेवली तर पिठले होईपर्यंत ती वातड होते. उलट पिठले झाकून अर्धा तास ठेवले तरी त्याचे काही बिघडत नाही. जेवण साडेआठला असेल, तर सव्वासातला सुरुवात करावी. सरावाच्या हाताला एवढा वेळ लागत नाही, पण पहिल्या काही वेळा तो हाताशी असावा.

ठेच्याच्या मिरच्या भाकरीच्या तव्यावर परतू नयेत. तव्यावर तेलाचा पातळ थर राहिला, तर त्यावर भाकरी नीट शेकत नाही, धूर होतो आणि मिरचीच्या ठसक्याने घर खोकायला लागते. कढईत मात्र हेच मिरचीचे तेल पिठल्याच्या फोडणीला उपयोगी पडते.

भाकरीला बसण्यापूर्वी हाताशी असाव्यात त्या वस्तू: परात किंवा काठवट, लोखंडी किंवा बिडाचा तवा, उलथणे, एका वाटीत पाणी, दुसऱ्या वाटीत कोरडे पीठ, चिमटा, सुती फडके आणि भाकरी ठेवायला दुरडी. एकदा हात पिठाचे झाले की डबे उघडत बसता येत नाही आणि तेवढ्यात तव्यावरची भाकरी सुकते.

इशारा: नॉनस्टिक तवा यासाठी घेऊ नये. भाकरीला आधी रिकामा आणि चांगला तापलेला तवा लागतो आणि नॉनस्टिकचा लेप नेमका अशाच तापवण्याने खराब होतो.

३. ठेचा

बारा ते पंधरा हिरव्या मिरच्यांची देठे काढून प्रत्येकीला एक चीर द्यावी. चीर न दिलेली मिरची गरम तेलात फुटते आणि तेल अंगावर उडते. कढईत दोन चमचे तेल घालून मिरच्या, लसणाच्या आठ-दहा पाकळ्या आणि अर्धा चमचा जिरे मध्यम आचेवर परतावे. मिरच्यांवर पांढरट-तपकिरी डाग आले की त्या बाहेर काढाव्यात. खलबत्त्यात आधी मीठ आणि लसूण, मग मिरच्या आणि शेवटी दोन चमचे भाजलेले शेंगदाणे असे घालून जाडसर ठेचावे. शेंगदाणे आधी घातले तर त्यांचे तेल सुटते, मिरची निसटत राहते आणि ठेचली जात नाही. मिक्सरमध्ये केलेल्या ठेच्याची चटणी होते. वापरायचाच असेल तर दोन-तीनदा नुसते थांबत थांबत फिरवावे. कढई धुऊ नये.

४. पिठले

आपल्याकडे याला बेसनही म्हणतात, त्यामुळे पीठ कोणते आणि पदार्थ कोणता असा घोळ होऊ नये म्हणून येथे पदार्थाला पिठले म्हटले आहे.

एक वाटी बेसन चाळून घ्यावे आणि एक वाटी थंड पाण्यात कालवावे. पाणी एकदम ओतू नये. आधी पाव वाटी पाण्यात घट्ट लेप करून तो गुळगुळीत फेटावा आणि मग उरलेले पाणी घालावे. गुठळी घट्ट लेपात मोडते, पातळ पाण्यात ती चमच्यापासून पळते.

कढईतल्या उरलेल्या तेलात आणखी दोन मोठे चमचे तेल घालून मोहरी, जिरे, हिंग, ठेचलेला लसूण, पाच-सहा मिरच्यांचे तुकडे, कढीपत्ता आणि दोन बारीक चिरलेले कांदे या क्रमाने घालावे. कांदा मऊ झाल्यावर अर्धा चमचा हळद, मीठ आणि अडीच वाट्या पाणी घालून उकळी आणावी. पाणी खळखळू लागले की आच कमी करून एका हाताने बेसनाची धार सोडावी आणि दुसऱ्या हाताने सतत ढवळावे. नंतर झाकण ठेवून मंद आचेवर सात-आठ मिनिटे शिजवावे आणि मधून दोनदा तळापासून हलवावे.

तपासणी: कच्च्या डाळीसारखा वास पूर्ण गेला असेल, कडेला तेलाचे ठिपके दिसत असतील आणि बुडबुडे 'फद्‌' असा जड आवाज करत फुटत असतील, तर पिठले शिजले आहे. चमच्यावरून ते धारेने खाली पडेल इतके पातळ असतानाच आच बंद करावी. पानात येईपर्यंत ते आपोआप आळते. या टप्प्यावर घट्ट दिसेल असे केले, तर अर्ध्या तासाने त्याच्या वड्या पाडाव्या लागतील.

गुठळ्या झाल्याच तर चमच्याने दाबत बसू नये. ताकाची रवी घेऊन कढईतच एक मिनिट घुसळावे.

५. आधण आणि उकड

सगळ्यांत जास्त भाकरी याच टप्प्यावर बिघडतात.

नऊ वाट्या पीठ चाळून त्याचे तीन वाटे करावेत. सहा वाट्या उकडीसाठी परातीत, दोन वाट्या मळताना मिसळण्यासाठी आणि एक वाटी थापताना लावण्यासाठी. चार वाट्या पाणी पातेल्यात उकळत ठेवावे. मीठ घालण्याची पद्धत घरोघर वेगळी आहे, घालायचे असेल तर चिमूटभर याच पाण्यात घालावे.

आता "गरम पाणी" म्हणजे किती गरम, हे पाहू. ज्वारीचा स्टार्च पाणी शोषून चिकट होण्यासाठी मिश्रण साधारण ७० अंश सेल्सिअसच्या वर जावे लागते. खळखळ उकळते पाणी खोलीतल्या पिठावर पडले की त्याची बरीच उष्णता पीठ आणि परात शोषून घेतात आणि मिश्रण ७५ अंशांच्या आसपास येऊन थांबते, म्हणजे काम जेमतेम साधते. तेच पाणी बुडबुडे यायला लागताच, म्हणजे ७५-८० अंशांवर उतरवले, तर मिश्रण ६० अंशांच्या आसपासच राहते आणि पीठ नुसते ओले होते, चिकट होत नाही. हाताला चटका बसतो म्हणून पाणी पुरेसे गरम आहे, हा अंदाज म्हणूनच फसवा आहे. डिसेंबर-जानेवारीत स्टीलची परात बर्फासारखी असते. तेव्हा ती आधी गरम पाण्याने विसळून पुसून घ्यावी.

परातीतल्या पिठात मध्यभागी खळगा करून उकळते आधण एका धारेत ओतावे आणि उलथण्याच्या दांड्याने पटापट कालवावे. हात घालू नये, कारण हे मिश्रण कातडीला चिकटते आणि पाण्यापेक्षा वाईट भाजते. कोरडे पीठ दिसेनासे झाले की ढीग एकत्र ओढून वर ताट पालथे घालावे आणि सात-आठ मिनिटे तसेच ठेवावे. या वेळात पिठल्यावर कोथिंबीर घालावी आणि तवा मध्यम आचेवर ठेवावा.

तपासणी: ताट काढल्यावर उकडीचा रंग कोरड्या पिठापेक्षा थोडा गडद आणि किंचित चकचकीत दिसला पाहिजे. चिमटीत घेऊन बोटे लांब केल्यावर तिची बारीकशी तार ओढली गेली पाहिजे. उकड वाळूसारखी मोकळी राहिली असेल, तर पाणी कमी गरम होते. अशा वेळी अर्धी वाटी पाणी पुन्हा खळखळवून त्यावर शिंपडावे आणि झाकून ठेवावे.

पीठ दोन-तीन दिवसांपूर्वीच दळलेले असेल, तर उकडीशिवाय कोमट किंवा साध्या पाण्यातही भाकरी होते आणि रोजच्या सरावातल्या बायका तसेच करतात. नवशिक्याने तो मार्ग निदान महिनाभर तरी घेऊ नये.

६. उंडा रगडणे

सगळी उकड एकदम मळून आठ गोळे करून ठेवणे सोयीचे वाटते आणि तेच करू नये. मळलेला उंडा पाच-सात मिनिटांत वरून सुकतो आणि ती सुकलेली साल थापताना फाटते. एका वेळी एकाच भाकरीपुरती उकड घ्यावी, बाकीची ताटाखाली झाकलेली राहू द्यावी.

घेतलेल्या उकडीत मूठभर कोरडे पीठ मिसळावे, हात पाण्यात बुडवावा आणि तळहाताच्या टाचेने पुढे रेटत रगडावे. गोळा करावा, पुन्हा पाण्याचा हात घ्यावा, पुन्हा रेटावे. कणकेसारखे दुमडत मळण्याचा येथे उपयोग नाही, कारण ताणायला आत काहीच नाही. दाबून, घासून प्रत्येक कण ओला करणे एवढेच काम आहे. दोन मिनिटे कमी वाटतात, पण घड्याळ लावून पाहिले तर आपण चाळीस सेकंदांतच थांबतो असे आढळते.

उंडा तयार झाला की तो कानाच्या पाळीसारखा मऊ लागतो आणि परातीला न चिकटता उचलला जातो. तळहातात चपटा दाबल्यावर कडेला चीर दिसली, तर पाण्याचा हात घेऊन आणखी अर्धा मिनिट रगडावे. ही चीर पुढे पीठ लावून किंवा बोटाने मिटवून लपते, नाहीशी होत नाही.

इशारा: थापणे सोपे व्हावे म्हणून गव्हाचे पीठ मिसळण्याची सवय अनेक घरांत आहे. ज्याला गहू वर्ज्य आहे अशा माणसाच्या पानात ही भाकरी न सांगता वाढू नये.

७. थापणे

परातीत कोरडे पीठ पसरावे, फार नको. गोळा दोन तळव्यांत फिरवत आधी हातावरच पुरीपेक्षा थोडा मोठा आणि जाडसर करून घ्यावा, त्याची कड ओल्या बोटाने सारखी करावी आणि मग तो परातीत ठेवावा. ही हातावरची पायरी गाळून थेट गोळ्यावर थाप मारली की पहिल्याच थापेत कडा उलतात.

आता उजव्या हाताची बोटे जुळवून थापावे आणि डाव्या हाताचा पंजा कडेला आडवा लावून आधार द्यावा. थाप मध्यभागी पडत राहिली तर मध्य पातळ आणि कड जाड राहते, म्हणून जोर कडेच्या आत दोन बोटांवर ठेवावा. प्रत्येक थापेबरोबर भाकरी थोडी फिरली पाहिजे. ती फिरायची थांबली म्हणजे खाली चिकटली आहे. तेव्हा जोर न वाढवता कड अलगद उचलून खाली चिमूटभर पीठ सारावे. फिरणाऱ्या भाकरीचा थप थप असा सुटा आवाज येतो, चिकटलेलीचा आवाज दबका येतो. शेजारच्या घरातली भाकरी कशी होते आहे, हे यावरून भिंतीपलीकडूनही कळते, पण ते बोलून दाखवण्यासारखे नाही.

वितीपेक्षा थोडा जास्त व्यास आणि तीन-चार मिलिमीटर जाडी झाली की थांबावे. मोठ्या भाकरीचा हट्ट सुरुवातीला नको. ती उचलताना मोडते.

तपासणी: परात हलकेच हलवल्यावर भाकरी आपल्या जागेवरून सरकली पाहिजे. सरकली नाही तर ती उचलूच नये.

हाताने जमतच नसेल, तर तेलाच्या रिकाम्या पिशवीचा स्वच्छ धुतलेला प्लास्टिकचा कागद घेऊन त्यावर थापावी किंवा दोन कागदांत हलक्या लाटण्याने लाटावी. जुन्या बायका याला नाक मुरडतात. उकड चांगली असेल तर अशीही भाकरी फुगते.

८. तवा, पाणी आणि उलटण्याची वेळ

तव्यावर पाण्याचा थेंब टाकावा. तो नाचत विरला तर तवा तयार आहे. थेंब पसरून सावकाश आटला तर अजून तापू द्यावा. चिमूटभर पीठ टाकताच काळे झाले तर तवा जास्त तापला आहे, त्यावर ओले फडके फिरवून आच कमी करावी.

भाकरी सरकवत तळहातावर घ्यावी आणि पिठाची बाजू वर येईल अशी तव्यावर सोडावी. वर आलेल्या कोरड्या पिठावर लगेच, म्हणजे दोन-तीन सेकंदांत, पाण्याचा हात कडेपर्यंत फिरवावा. चटक्याची भीती वाटत असेल तर ओल्या फडक्याची घडी वापरावी. हे पाणी पीठ धुऊन काढते आणि वरची बाजू सुकू देत नाही. ती सुकली तर चिरते आणि फुगवणारी वाफ त्या चिरेतून निघून जाते.

आता नजर हटवू नये. वरचे पाणी चमकत असते, मग चमक जाते आणि पृष्ठभाग ओलसर पण निस्तेज दिसतो. उलटण्याची वेळ हीच, साधारण वीस ते तीस सेकंदांनी येणारी. चमक असताना उलटली तर भाकरी तव्याला धरते आणि सोडवताना फाटते. पृष्ठभाग पांढुरका होईपर्यंत थांबलात तर उशीर झाला आहे आणि ती भाकरी फुगणार नाही. या दोन चुकांमध्ये पाच-सात सेकंदांचेच अंतर असल्यामुळे याच वेळी दुसरा उंडा मळायला घेणे, फोन उचलणे किंवा कुणी हाक मारली म्हणून मागे वळणे महागात पडते.

उलटल्यावर मात्र घाई नको. ही दुसरी बाजू मध्यम आचेवर एक ते दीड मिनिट राहू द्यावी. पुढचा उंडा रगडायचा तो याच अवधीत. भाकरी तव्यावर आपोआप सुटी फिरू लागली आणि खालच्या बाजूला तपकिरी डाग आले की ही बाजू झाली.

९. शेकणे, फुगवणे आणि ठेवणे

तवा बाजूला करून भाकरीची पहिली बाजू, म्हणजे तव्यावर थोडाच वेळ राहिलेली, ज्योतीकडे येईल अशी धरावी. आच मोठी असावी आणि भाकरी चिमट्याने सारखी फिरवत राहावी. आतल्या वाफेने पापुद्रा सुटून ती वीस-तीस सेकंदांत फुगते. चुलीवर हेच काम भाकरी आराला टेकवून उभी करून होते. शेगडी इंडक्शनची असेल तर भाकरी तव्यावरच पुन्हा उलटावी आणि फडक्याच्या बोळ्याने कडेकडेने दाबावी. जिथे दाबाल त्याच्या शेजारी ती फुगते.

फुगलेल्या भाकरीची वाफ हातावर येते, म्हणून ती लगेच बोटाने दाबू नये.

गरम भाकरी एकावर एक रचून स्टीलच्या डब्यात बंद करणे ही शेवटची आणि हमखास होणारी चूक आहे. वाफ झाकणाला लागते, खाली ठिबकते आणि तळची भाकरी गिचका होते. दुरडीत सुती कापड घालून भाकरी मिनिटभर उभी टेकवून ठेवावी, वाफ गेली की आडवी करावी आणि कापडाने झाकावी.

बिघाड कुठे झाला हे भाकरीवरून ओळखणे

थापताना कडा उलत असतील तर उंडा कमी रगडला आहे किंवा कोरडा पडला आहे. सगळ्याच भाकरींच्या कडा उलत असतील आणि रगडूनही फरक पडत नसेल, तर दोष पिठाचा किंवा आधणाचा. तव्यावर टाकल्यावर मध्येच आडवी भेग गेली, तर पाणी उशिरा फिरवले. भाकरी एकाच बाजूला फुगली, तर थापताना जाडी सारखी नव्हती. अजिबात न फुगता चामड्यासारखी झाली, तर बहुधा तवा थंड होता आणि ती शिजण्याऐवजी वाळत राहिली. वरून डाग पण आतून चिकट, असे झाल्यास आच मोठी होती. यांपैकी एका वेळी एकच गोष्ट बदलावी. पीठ, पाणी आणि आच तिन्ही एकदम बदलले तर पुढच्या भाकरीत सुधारणा कशाने झाली हे कळणार नाही. पहिली भाकरी तव्याचा अंदाज घेण्यात जाते, तिच्यावरून काहीच ठरवू नये.

जेवायला बसण्यापूर्वी

पिठले आळले असेल तर त्यात दोन-तीन चमचे उकळते पाणी घालून मंद आचेवर हलवावे. थंड पाणी घातल्यास ते पाणचट लागते. उकड उरली असेल तर ती सकाळसाठी ठेवू नये, उन्हाळ्यात ती रात्रीतून आंबते. तिचीच एक लहान, जाड भाकरी करून मंद आचेवर कडक शेकावी, सकाळी दुधात कुस्करायला ती चालते. परातीत पाणी घालून ठेवावे, कारण उकडीचे वाळलेले पीठ नंतर काथ्याने घासूनही निघत नाही. तव्यावर मात्र पाणी ओतू नये. बिडाचा तवा तापलेला असताना पाण्याने तडकतो आणि लोखंडी तवा ओला राहिला की सकाळी त्यावर गंज दिसतो. तो निवल्यावर कोरड्या फडक्याने जळलेले पीठ पुसून काढावे आणि पालथा ठेवावा.